सोलापुरातून लांबचा प्रवास, सोबत लेकरं: डबा, ढाबा, उडपी की फूड प्लाझा?

सुट्टी लागली की सोलापुरातल्या बहुतेक गाड्या दोनच दिशांना निघतात. एक पुण्याकडे, शिकायला-नोकरीला गेलेल्या भावंडांकडे. दुसरी हैदराबादकडे, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांना तर तिकडे सोयरीकच सोयरीक. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. दोन्हीकडे राष्ट्रीय महामार्ग ६५ चांगला आहे, गाडी पळते. अडतं ते जेवणापाशी. मोठी माणसं तास-दीड तास भूक मारू शकतात, चार वर्षांचं लेकरू दहा मिनिटंही नाही.

माझा मोठा नऊ वर्षांचा, धाकटी चारची. गेली काही वर्षं हे दोन्ही रस्ते आम्ही या दोघांना घेऊन करतोय, बहुतेक वेळा सासूबाईही सोबत असतात. मोठी माणसं हॉटेल निवडताना चव बघतात. लेकरं सोबत असताना मी आधी एकच विचारते: बसल्यापासून किती मिनिटांत त्यांच्या तोंडात घास पडेल? खालची सगळी तुलना या प्रश्नावर उभी आहे.

घरचा डबा

पहिल्या खाण्यासाठी माझं मत ठाम आहे, डबाच. सकाळी सहाला निघालात तर साडेसातच्या सुमारास भूक लागते, तोवर गाडी मोडनिंब-टेंभुर्णीच्या आसपास असते. सावली बघून, रस्त्यापासून आत थांबायचं, जुनी सोलापुरी चादर अंथरायची आणि डबा उघडायचा. वाट बघणं शून्य.

पण डब्यात काय द्यायचं, याचं आपल्या भागाला मोठं देणं आहे आणि आपणच ते विसरत चाललोय. दशमी घ्या. कणीक दुधात भिजवलेली, त्यामुळे मऊ राहते, दुपारपर्यंत चिवट होत नाही. आपल्या आज्या बैलगाडीच्या प्रवासाला हीच बांधून द्यायच्या. शेंगापोळी घ्या, ती तर तीन-चार दिवस टिकते आणि एका पोळीत लेकराचं पोट भरतं. धपाटे चालतात, फक्त लेकरांसाठी वेगळे, मिरची कमी घालून लावा. आणि कडक भाकरी. गाडीत कुरकुरीत काहीतरी हवं म्हणून आपण पाकिटं विकत घेतो. पापडासारखी कडक भाकरी मोडून दिली की माझी दोन्ही पोरं पाकिटाचं नाव काढत नाहीत. मात्र दोन-अडीच वर्षांच्या आतल्या बाळाला तिचे टोकदार तुकडे नकोत, दुधात किंवा वरणात भिजवूनच द्या.

शेंगाचटणीबद्दल एक. बाजारातली चटणी मोठ्यांच्या जिभेची असते. लेकरांसाठी घरी लसूण-जिरं घालून, तिखट नावालाच टाकून वेगळी कुटा आणि दह्यात कालवून द्या. अख्खे शेंगदाणे मात्र चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना चालत्या गाडीत देऊ नका. ठसका लागून दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो आणि गाडी चालवणाऱ्याला ते कळतही नाही. खरं तर लहानांना कुठलाच घास चालत्या गाडीत देऊ नये. थांबा, भरवा, मग निघा.

डब्याची मर्यादा आपलं ऊन ठरवतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत त्याहून जास्त. शिजवलेलं ओलं अन्न अशा हवेत तासाभराच्या वर ठेवू नये. म्हणून दहीभात, फोडणीचा भात, खोबऱ्याची चटणी हे तिन्ही मी उन्हाळ्यात डब्यातून काढून टाकलेत. भाताची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्यातल्या एका जातीच्या जंतूंची बीजं शिजवण्यातही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दहीभात खायचाच असेल तर हॉटेलात ताजा कालवून घ्या.

थोडक्यात, डबा पहिल्या खाण्याला उत्तम, दुसऱ्याला नको.

उडपी आणि साधं शाकाहारी हॉटेल

दुसऱ्या खाण्याला माझा कौल इकडे. कारण इडली. ती वाफेवरून थेट ताटलीत येते, म्हणजे गरम असते. पाच-सात मिनिटांत येते. मऊ असते, दात नसलेल्या बाळापासून सासूबाईंपर्यंत सगळे खातात. आणि न खाल्लेली एखादी उरली तर फार वाईट वाटत नाही.

हैदराबादच्या रस्त्याला हा पर्याय आणखी बळकट होतो. नळदुर्ग मागे पडलं, उमरगा ओलांडलं की गाडी कर्नाटकात शिरते आणि हुमनाबादच्या बाजूला सकाळच्या इडली-वड्याची हॉटेलं लागतात. घरून सहाला निघालेली लेकरं तिथे पोचेपर्यंत पुन्हा भुकेजलेली असतात, वेळ अगदी जुळते. पुण्याच्या बाजूला इंदापूर ते यवत या टप्प्यात अशी हॉटेलं जागोजागी आहेत.

ऑर्डर देताना काही गोष्टी सांभाळा. सांबार आधी स्वतः चाखा, बऱ्याच ठिकाणी ते लेकरांसाठी तिखट असतं. मग इडलीवर तूप किंवा लोणी मागवा आणि साखर भुरभुरा, लहानपणी आपणही तेच खाल्लंय. दुपार टळून गेली असेल तर खोबऱ्याची चटणी वास घेऊनच वाढा. वडा, पुरी, भटुरा हे तळलेलं मला प्रवासाच्या मध्यात नको वाटतं, ज्या मुलांना गाडी लागते त्यांना तर अजिबात नको. वर मिल्कशेक दिला की पुढच्या पन्नास किलोमीटरमध्ये गाडी थांबवावी लागणार असं धरून चाला.

ढाबा

ढाब्यावर माझं प्रेम आहे. बाजेवर मांडी घालून गरम भाकरी, झणझणीत रस्सा, कांदा फोडून. पण लेकरं लहान असताना मी ढाब्याला मागे ठेवते, आणि कारण तिखट हे एकच नाही.

एका मे महिन्यात आम्ही दुपारी दीडला एका ढाब्यावर थांबलो. गर्दी होती, तरी थांबलो, कारण सगळ्यांनी नाव सांगितलेलं. भाजी यायला पाऊण तास लागला. तोवर धाकटीने टेबलावरचा कांदा-पापड आणि समोरच्या टपरीवरचं चिप्सचं पाकीट संपवलं होतं, आणि जेवण आलं तेव्हा ती माझ्या मांडीवर झोपलेली. तासाभराने उपाशीपोटी उठली, रडली, ओकली. त्या दिवशी चूक आमच्या निवडीची होती. गर्दीच्या वेळी ताजं शिजवणाऱ्या जागी वेळ लागणारच.

दुसरं, ढाब्यावर "तिखट कमी करा" म्हणून फारसा उपयोग होत नाही. रश्श्याचं वाटण सकाळीच झालेलं असतं, तिखट त्यातच असतं. म्हणून बसल्या बसल्या, मेनूकार्डही न बघता, आधी एवढंच सांगायचं: "दादा, लेकरांसाठी साधी दाल, तडका न देता, आणि भात. तो आधी आणा. आमचं नंतर सांगतो." भात आणि दाल बहुतेक वेळा तयारच असतात, दहा मिनिटांत येतात. तंदूर रोटी गार झाली की चामड्यासारखी होते, छोट्या दातांना चपाती किंवा भाकरीच बरी. थाळी मिळत असेल तर थाळीच घ्या, ऑर्डरच्या भाजीपेक्षा ती लवकर येते.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ढाब्यासमोरचं मोकळं मैदान हे ट्रक वळवायचं मैदान असतं. चार तास पट्ट्यात अडकलेलं लेकरू गाडीतून उतरलं की धावणारच, आणि रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकवाल्याला ते दिसत नाही. ढाबा निवडायचाच तर आत, रस्त्यापासून लांब बसायची जागा आहे का आणि मधे कुंपण किंवा भिंत आहे का ते बघा. एका मोठ्या माणसाने जेवण सोडून पोरांकडेच लक्ष द्यायचं, आणि हे गाडीतून उतरण्याआधी ठरवून घ्यायचं.

मुलं सात-आठ वर्षांपुढची असतील, थोडं तिखट खात असतील आणि तुम्ही बाराच्या आत पोचणार असाल, तर खुशाल ढाबा. त्या वयात त्यांना तो आवडतोही.

भिगवणची मासे-थाळी याच गटात धरते. उजनीच्या पाण्यामुळे तिथे मासा ताजा मिळतो, आणि मांसाहारी घराला तिथून न थांबता जाणं अवघड. लेकरांसाठी मरळ मागा, तिला बारीक काटे कमी असतात. रोहू-कटल्याचे मधले काटे लहानांच्या घशात अडकतात. मासा आपण बोटांनी चाचपून, भातात कुस्करून भरवायचा, तुकडा हातात द्यायचा नाही.

फूड प्लाझा

इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. जेवायला मी इथे थांबत नाही, पण दर प्रवासात एकदा तरी थांबते. स्वच्छतागृह बरं असतं, गार हवा असते, उंच खुर्ची मिळते, बाळाच्या दुधासाठी गरम पाणी मागितलं की मिळतं. अंगावर पाजणाऱ्या आईला आडोशाची जागा शोधायला ढाब्यापेक्षा इथे सोपं जातं. तान्हं बाळ असेल तर माझी सगळी क्रमवारी बदला आणि हाच पर्याय पहिला ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर बटाट्याचे तळलेले काप, पिझ्झा, बर्गर. खारट, महाग, आणि मुलांना तहान लावणारं. काउंटरशेजारीच खेळणी-चॉकलेटांचा ढीग मांडलेला असतो, तिथलं रडणं वेगळं. आम्ही आत जाण्याआधी मुलांना सांगून ठेवतो, इथे फक्त सू-सू आणि एक काहीतरी. ते दोघं ऐकतात, कारण पोट आधीच इडलीने भरलेलं असतं.

पाणी आणि पोट

चारही पर्यायांना हे लागू आहे. पाणी घरचं न्या, संपलं तर सीलबंद बाटली घ्या. बर्फ घातलेलं ताक, उसाचा रस, सरबत लेकरांना वाटेत नको, बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणी सांगू शकत नाही. कापून ठेवलेली फळं नकोत, केळी घ्या, सोलून खायचं फळ प्रवासात सगळ्यात भरवशाचं. ओआरएसची पाकिटं गाडीत असू द्या आणि पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात ती विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. महामार्गावर गाडी बंद पडली किंवा काही अडचण आली तर १०३३ हा मदतीचा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

परतीचा प्रवास

आतापर्यंतचं सगळं जाताना लागू पडतं. येताना डबा नसतो, आणि पुण्याहून रविवारी संध्याकाळी निघालं की लेकरांची भूक नेमकी रात्री साडेआठला, गर्दीच्या वेळी लागते. तेव्हा उडपीतही रांग असते आणि ढाब्याच्या अंगणात अंधार. म्हणून आम्ही निघण्याच्या दिवशी नणंदेला दुपारीच सांगून ठेवतो, "वन्सं, पोरांना साडेपाचला वरण-भात वाढा, आम्ही सहाला निघतो." तिला वाटतं घाई करतोय, पण ती वाढते. दोन दशम्या फडक्यात बांधूनही देते. इंदापूर यायच्या आत दोघं झोपलेली असतात, मग आम्ही दोघं आळीपाळीने उतरून चहा घेतो, आणि त्या दशम्या बऱ्याचदा सोमवारी शाळेच्या डब्यात जातात.