सिडकोतलं जुनं घर की साताऱ्यातला नवा फ्लॅट?

दिवाळीपासून घर बघायला म्हणून आमच्याकडे उतरलेलं हे तिसरं बिऱ्हाड. आधी अंबडचे, मग गेवराईचे, आणि परवा जिंतूरहून मावसभाऊ, वहिनी आणि मावशी. कुणी गावाकडचं थोडं रान विकलेलं असतं, कुणाच्या हातात निवृत्तीचे पैसे आलेले असतात, लेकरं अकरावीला इथे येणार असतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. छत्रपती संभाजीनगरात तेवढ्याच पैशात सिडकोत, म्हणजे सिडको महामंडळाने वसवलेल्या भागात, दोन खोल्यांचं जुनं घर मिळतंय आणि बीड बायपासच्या पलीकडे सातारा परिसरात (सातारा जिल्हा नव्हे, आमच्या शहराचाच भाग) लिफ्ट-पार्किंगसकट टू बीएचके. कुठे जावं?

मी चौदा वर्षं सिडकोच्या एन-नऊ सेक्टरमध्ये काढली, आता सहा वर्षं साताऱ्यात आहे. दोन्हीकडचं पाणी प्यायलेय, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते.

सिडकोत नळ आहे, पण तो रोज येत नाही. शहराला पाणी देणारा पैठणचा नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी शहरात पाणी चार-पाच दिवसांच्या अंतराने, उन्हाळ्यात आठवड्याने येतं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नियोजनातला हिशेब धरला, तर पाच माणसांना रोज ६७५ लिटर लागतात, आणि पाणी आठव्या दिवशी आलं तर ५,४०० लिटर साठवण हवी. सिडकोतलं घर बघायला गेलात की खोल्या नंतर बघा, आधी हौदाचं झाकण उचला. एन-नऊला आमच्या गल्लीत पाण्याची वेळ पहाटे तीनची होती. आधी नळातून हवेचा सूं-सूं आवाज यायचा, मग दोन मिनिटं गढूळ धार, आणि त्याच वेळी शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या, म्हणजे उठा. चौदा वर्षांत एकदाही त्यांनी आम्हाला झोपू दिलं नाही, आणि आम्हीही त्यांना. सिडकोतल्या शेजाराची मुळं या पाण्याच्या पाळीत आहेत असं मला मनापासून वाटतं.

साताऱ्यात पाण्याची गोष्टच वेगळी. सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायत होती, मग थोडे दिवस नगर परिषद, मग महापालिकेत आली, पण नळ घरोघरी पोहोचायला फार वेळ लागला. बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालत आल्या आहेत. हा डोंगराच्या पायथ्याचा, काळ्या पाषाणाचा भाग, त्यामुळे होळीच्या पुढे बोअर धाप टाकायला लागतात. २४ फ्लॅटची इमारत, घरटी चार माणसं धरली तर रोजचं पाणी जवळपास १३,००० लिटर होतं, म्हणजे ५,००० लिटरचे तीन टँकर, रोज. मे महिन्यात आमच्याकडे टँकरची वर्गणी देखभाल खर्चाच्या पुढे जाते. फ्लॅटच्या किमतीत हा आकडा कुणी लिहून देत नाही.

‘नवी पाणी योजना आली की सगळं सुटेल’ असं दलाल सांगतो. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढे २,७४० कोटींवर गेली. २५०० मिलिमीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी आहे, म्हणजे उभं माणूस आत चालेल एवढी. काम मोठं आहे आणि त्याने शहराचं भलंच होणार. तरी घर घेताना आज नळातून काय येतंय त्यावरच भाव ठरवा.

आता खाण्याचं. कोणती वस्ती कुठे निघालीय हे मला तरी खाण्याच्या गाड्यांवरून कळतं.

सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मावशींची खानावळ होती. घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं, दोन भाकरी, पिठलं किंवा वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. परभणी-हिंगोलीकडून शिकायला आलेली पोरं महिन्याचे डबे लावायची. परीक्षेच्या दिवसांत मावशी रात्री अकरालाही भाकरी थापायच्या. आज तिथे काचेच्या दाराचं कॉफीचं दुकान आहे. मावशींनी खालचा मजला भाड्याने दिला आणि त्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. त्यांच्या म्हातारपणाची सोय झाली याचा मला आनंद आहे. पण ती पोरं आता कुठे जेवतात, हा प्रश्न मला पडतो. एन-पाचच्या कॅनॉट बाजारापासून टीव्ही सेंटरपर्यंत हेच चाललंय. रो-हाऊसचा तळमजला म्हणजे दुकान, क्लास किंवा कॅफे. संध्याकाळी कॅनॉटला पावभाजी, डोसा, मोमोज, सगळं मिळतं आणि सिडकोतला माणूस तिथे चालत जातो. त्याच वेळी मागच्या गल्लीतल्या माणसाला स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही. कॅनॉटजवळ घर बघत असाल तर शनिवारी रात्री नऊला बघा.

साताऱ्यात उलटा क्रम दिसतो. मी राहायला आले तेव्हा आमच्या समोर मोकळा प्लॉट होता आणि त्याच्या कडेला एक बाई सकाळी सहाला गाडा लावायच्या. मोठ्या पातेल्यात सुशीला असायची. भिजवलेले मुरमुरे, भरपूर कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून कोथिंबीर, आणि कागदावर काढून दिल्यावर बाजूला एक तळलेली मिरची. आलूबोंडे साडेसातनंतर. गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या बांधकामावरचे मिस्त्री आणि मजूर. इमारत उभी राहिली, सुरक्षारक्षक आला, आणि सोसायटीने गेटसमोर गाडा नको म्हणून सांगितलं. बाई दोन प्लॉट मागे सरकल्या. तिथेही स्लॅब पडला की पुन्हा मागे. सहा वर्षांत त्या डोंगराच्या बाजूला चार वेळा सरकल्या, आणि आम्ही काही जण त्यांच्यामागे चालत जातो. ज्यांच्या हातचं खाऊन ही वस्ती उभी राहिली त्यांना गेटसमोर जागा नाही, हे मी सोसायटीच्या बैठकीत दोनदा मांडलं. तिसऱ्यांदाही मांडणार आहे.

बायपासवर मात्र सगळं मोठं. ढाबे, गावरान मटणाच्या पाट्या, थाळीची हॉटेलं आणि ओळीने मंगल कार्यालयं, लॉन्स. लग्नसराईत रात्री बँडचा आवाज आमच्या चौथ्या मजल्यावर येतो. लेकराचं दहावी-बारावीचं वर्ष असेल तर पुढच्या रांगेतली इमारत टाळा. नान-खलिया खायचा किंवा गुलमंडीवर उत्तमची इमरती आणायची तर दोन्हीकडून जुन्या शहरातच जावं लागतं, सिडकोतून ते जवळ. उस्मानपुऱ्याचं तारा पान मात्र आम्हाला संग्रामनगर पुलावरून पटकन गाठता येतं.

कागदपत्रांबद्दल थोडं कडक बोलते. सिडको १९७२ मध्ये इथे आली, नियोजन करून एन-एक ते एन-तेरा वसवलं, आणि २००६ मध्ये हा भाग महापालिकेकडे गेला. तरी बरीच घरं भाडेपट्ट्याची असल्यामुळे कागद सिडकोत आणि नळ महापालिकेत, अशी विभागणी आहे. असं घर नावावर करायला सिडकोचं ना हरकत आणि हस्तांतरण शुल्क लागतं, ते कोण भरणार हे आधी ठरवा. मूळ मालकाकडून नुसत्या मुखत्यारपत्रावर तीन-तीन हात फिरलेली घरं आहेत, ती साखळी पूर्ण जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. वरचा मजला परवानगीने चढलाय का तेही बघा. बँक कर्ज देताना तेच विचारते.

साताऱ्यात तीन प्रकार समोर येतात, आणि दलाल तिन्ही एकाच सुरात सांगतो. पहिला महारेराची नोंदणी असलेल्या प्रकल्पातला फ्लॅट. दुसरा मंजूर रेखांकनातला अकृषिक प्लॉट. तिसरा गुंठेवारी, म्हणजे शेताचे २० बाय ३० चे तुकडे, बरेचदा नोंदणीशिवाय नुसत्या बॉण्डवर विकलेले. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. ज्यांची घरं होती त्यांना त्याने दिलासा मिळाला. पण आज आयुष्यभराची कमाई घेऊन नव्याने गुंठेवारीत शिरू नका. स्वस्त दिसतं म्हणून मुळीच नाही. फ्लॅट घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा महापालिकेचा दाखला, हातात घेऊन वाचा. आमच्या इमारतीचं ते ताबा मिळाल्यावर सव्वा वर्षाने आलं, तोवर बिल्डर फोन उचलत नव्हता. भोगवटा मिळालेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर साधारण ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का लागतो. घर बाईच्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वहिनीला हे सांगितल्यावर तिने भावाकडे नुसतं बघितलं.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. नोकरी चिकलठाणा किंवा शेंद्र्यात असेल तर सिडको. वाळूज किंवा बिडकीनला असेल तर सातारा, कारण बायपासवरून पैठण रोड आणि लिंक रोड दोन्ही सापडतात. उड्डाणपूल झाल्यापासून आणि सोलापूर-धुळे महामार्ग बाहेरून गेल्यापासून बायपासवरची अपघातांची भीती बरीच ओसरली. आत कॉलनीत मात्र पहिल्या पावसात जाऊन बघा, ड्रेनेजसाठी खोदलेले रस्ते किती महिने तसेच राहतात ते कळेल. दवाखान्याची चिंता दोन्हीकडे नाही, सिडकोत एमजीएम, बायपासवर बजाज.

साताऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मी कुणालाही सांगते. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात गेलं की जुनं सातारा गाव दिसतं. त्या दिवशी बेल-भंडाऱ्याने हात पिवळे झालेले गावकरी आणि आम्ही फ्लॅटवाले एकाच रांगेत असतो. मागे डोंगर, पावसाळ्यात त्याच्यावरून उतरणारं धुकं. एन-नऊला मला हे कधी मिळालं नव्हतं.

तरीही घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर मी सिडको म्हणेन, घर लहान असलं तरी. किराणा, दूध, देऊळ, डॉक्टर, सगळं चालत, आणि भिंतीवर लाटणं आपटणारं कुणीतरी शेजारी. नवरा-बायको दोघं कमावते, कागद स्वच्छ, टाकी मोठी आणि बोअर मे महिन्यातही चालणारं, असं जुळत असेल तर सातारा घ्या आणि मनापासून राहा.

मावसभावाला मात्र मॉडेल फ्लॅट आवडला होता. “आक्का, लई भारी दिसायलंय,” म्हणाला. मी म्हटलं, इसार द्यायच्या आधी एक दिवस पहाटे त्या इमारतीच्या गेटसमोर जाऊन बस, चोवीस फ्लॅटचं पाणी मोज.

रविवारी तो साडेपाचला एकटाच गेला. आठला परत आला तेव्हा हातात कागदात बांधलेली सुशीला होती. “सातपर्यंत तीन टँकर आले,” तो म्हणाला, “पाच-पाच हजाराचे.” मावशी गुडघ्याला तेल चोळत बसली होती. वहिनीने बशीत सुशीला काढता काढता विचारलं, “एन-अकराच्या घराची चावी कुणाकडे असते, ताई?”