आजीचे सोने: गाठवावे, आटवावे की मोडीत द्यावे?

तुटलेली बोरमाळ, झिजलेल्या पाटल्या, दोरा कुजलेली पुतळ्यांची (नाण्यासारख्या चकत्यांची) माळ, एकच उरलेली कुडी. असा डबा हातात आला की तीन वाटा दिसतात. आहे तो दागिना दुरुस्त करून किंवा गाठवून (नव्या दोऱ्यात ओवून) वापरायचा, तो आटवून त्याच सोन्यात सोनाराकडून नवा घडवायचा, किंवा पेढीवर मोड देऊन, म्हणजे जुने सोने किमतीत जमा करून, तयार दागिना घ्यायचा. डबा एकगठ्ठा उचलून पेढीवर नेणे ही यातली सर्वांत महागडी चूक. प्रत्येक डाग, म्हणजे दागिना, वेगळा तपासा: भरीव की पोकळ, ओवलेला की झाळलेला (आगीवर जोडलेला).

आत काय आहे?

बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्र्याच्या दोन वाट्या एकमेकींना झाळून केलेला पोकळ गोळा, आत लाख. काट्यावर भरणाऱ्या वजनात ही लाखही असते. असा दागिना आटवला की हाती मूठभर वाटलेल्याचे चिमूटभर सोने येते आणि ज्याला खरी किंमत होती ते हातकाम मुशीत (सोने वितळवण्याच्या भांड्यात) जाते. कोल्हापुरी साजाची लाखभरली पाने याच जातीची. ही कामे आटवू नका, असेच आमचे मत आहे. भरीव गोठ, पाटल्या, वळी यांचे उलट आहे. तिथे काम कमी, सोने जास्त, त्यामुळे आटवण्यात फारसे काही हरवत नाही.

पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, ठुशी हे ओवलेले डाग. यांच्या दुरुस्तीला बहुधा आगच लागत नाही. पटवेकऱ्याकडे (दागिने ओवणाऱ्याकडे) नव्या दोऱ्यात गाठवून घेतले की काम संपले. मात्र देताना मणी आणि पुतळ्या मोजून, वजन लिहून द्या. वाटणीचा प्रश्न असेल तर याहून सोयीचा दागिना नाही. ६० पुतळ्यांच्या माळेतून तिघींना वीस-वीस मिळतात आणि कोणाचेही सोने मुशीत जात नाही. पुतळ्यांत एखादे खरे जुने नाणे निघाले तर ते बाजूला ठेवा. नाण्याचा जाणकार देईल तो भाव सोन्याच्या भावाहून जास्त असू शकतो.

दुरुस्ती कुठे फसते

लाखेच्या मण्याला चीर गेली आणि वरून तशीच झाळ दिली, तर आतली लाख वितळून फुगते आणि पत्रा फाटतो. आधी भोकातून लाख काढायची, मग झाळायचे, मग पुन्हा लाख भरायची. वेळखाऊ काम आहे, म्हणून घाईतला कारागीर टाळतो.

दुसरा धोका कथलाचा. जुन्या डागावर करडा, मळकट ठिपका दिसला तर कधीतरी कोणीतरी शिसे-कथलाने जोड दिला आहे असे समजा. तापवल्यावर शिसे सोन्यात उतरते आणि पत्र्याला भोक पडते. आटवले तर लगड (आटवलेल्या सोन्याची कांडी) ठिसूळ होते, पट्टा लाटताना कडा चिरत जातात. हा भाग तापवण्याआधीच कानसून किंवा कापून काढावा लागतो.

नथीचे तिसरेच. मोत्याला आग चालत नाही आणि आम्लही चालत नाही, कारण मोती आम्लात विरघळतो. नथीची तार बदलायची तर आधी सगळे मोती उतरवायचे. मोडीच्या हिशेबात मोत्यांचे वजन वजा होते आणि मोती कुठल्यातरी पुडीत जातात. जुन्या नथीत बसऱ्याचे (आखातातले नैसर्गिक) मोती असतील तर ती पुडी सोन्याहून महाग असू शकते. मोती मोजून परत घ्या.

आटवून घडवणे: हिशेब ग्रॅममध्ये

भाव रोज बदलतो, म्हणून तुलना रुपयांत न करता वजनात करा. समजा ४० ग्रॅमच्या भरीव पाटल्या आहेत, शिक्का नाही. कॅरट मीटर, म्हणजे कस (सोन्याची शुद्धता) मोजणारे यंत्र, फक्त पृष्ठभाग वाचतो. आम्लात उजाळलेल्या जुन्या डागाचा वरचा थर आतल्यापेक्षा चोख असतो, जोडाशी झाळेमुळे (जोडायच्या मिश्रधातूमुळे) कस कमी दिसतो. त्यामुळे एका जागेचा आकडा खरा मानू नका. टाकणखार (बोरॅक्स) टाकून आटवायचे, लगड करायची आणि तिचा नमुना तपासायचा.

कस २० कॅरट, म्हणजे हजारात ८३३ भाग चोख (शुद्ध) सोने, निघाला. आता २२ कॅरट, म्हणजे ९१६, हवे. ‘थोडे चोख सोने घातले की झाले’ असे पुष्कळदा ऐकू येते. गणित करून पाहा. ४० ग्रॅममध्ये चोख सोने ३३.३ ग्रॅम. त्यात भर घालून ९१६ गाठायचे तर जवळजवळ ४० ग्रॅम चोख सोने आणखी लागते! एवढा मोठा दागिना करायचा नसेल तर सोने तेजाबात (तीव्र आम्लात) शुद्ध करून घेणे हाच मार्ग. हे काम गलाईवाले करतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली ही माणसे देशभरातल्या सराफ बाजारांत हाच धंदा करतात. ३३.३ ग्रॅम चोखाचे पुन्हा २२ कॅरट केले की सुमारे ३६.४ ग्रॅम होते. शुद्ध करताना होणारी किरकोळ तूट वेगळी.

पुतळ्यांसारखे डाग कधी २३ कॅरट निघतात. तेव्हा हिशेब उलटा फिरतो: ३० ग्रॅमचे २२ कॅरटमध्ये सुमारे ३१.४ ग्रॅम. हे वाढलेले वजन तुमचे आहे. न विचारता ते कोणी सांगेलच असे नाही.

चोखात चांदी किती आणि तांबे किती घालायचे हेही ठरवून घ्या. तांबे वाढले की रंग लालसर आणि धातू कडक होतो, रोजच्या पाटल्यांना ते बरे. चांदी वाढली की रंग फिका आणि धातू मऊ. बारीक तारेच्या, रव्याच्या (बारीक दाण्यांच्या) कामाला कारागीर तोच पसंत करतात.

मग पेढीवरची मोड?

तेच ३६.४ ग्रॅम पेढीने कसलीही कपात न करता जमा धरले असे उदारपणे मानू. तयार दागिन्याची घडणावळ १२ टक्के आणि पूर्ण रकमेवर जीएसटी ३ टक्के धरला, तर तेवढ्यात सुमारे ३१.५ ग्रॅमचा दागिना येतो. सोनाराची मजुरी आणि घट (घडवताना होणारी सोन्याची तूट) मिळून ८ टक्के धरली आणि त्यावर ५ टक्के जीएसटी धरला (कर तुमच्या सोन्यावर नाही, कामावरच), तर सुमारे ३३.६ ग्रॅम. फरक दोन ग्रॅमचा. घडणावळीचे टक्के बदला, आकडे बदलतील, गणित हेच राहील.

दोन ग्रॅम सोडून मोड देण्यात अर्थ आहे का? कधी कधी आहे. दागिना त्याच दिवशी मिळतो, घालून बघता येतो, त्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह, कस आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. लग्न तीन आठवड्यांवर असेल तर हातघडणीच्या वाटेला जाऊच नका. बारीक साखळी हवी असेल तरीही यंत्राचीच घ्या. हाताने एकेक कडी झाळलेल्या साखळीत जितके जोड तितक्या तुटण्याच्या जागा.

हातघडणीचा फायदा दिसतो तो जुन्या नमुन्याच्या कामात. वज्रटीक, चिंचपेटी, पिळाचे तोडे हे ओतीव साच्यातून काढले की कडा बोथट येतात आणि मऊ सोन्यात सूक्ष्म छिद्रे राहण्याची भीती असते. लाटलेल्या पट्ट्याला आणि ओढलेल्या तारेला तो प्रश्न नाही.

मधली वाटही आहे, आणि आम्हाला ती फार आवडते. जुन्या डागातला चांगला भाग, म्हणजे पदक, तन्मणीचे खोड किंवा नक्षीची पेटी, तसाच ठेवायचा. झिजलेल्या कड्या, फासा आणि साखळी तेवढी नवी करायची.

सोनाराकडे देताना: खडे आणि काळे मणी काढून, लाख वजा करून निव्वळ वजन लिहून घ्या. मूस पेटते तेव्हा समोर बसा. लगडीचे वजन आणि कस यांची चिठ्ठी घ्या. झाळ त्याच कसाची वापरायची हे आधी ठरवा, नाहीतर हॉलमार्क केंद्रावर चांगल्या सोन्याचा दागिनाही नापास होतो. घट किती धरली हे विचारा, आणि कानशीचा चुरा कोणाचा हेही. चुरा पुन्हा आटतो, त्यामुळे प्रत्यक्ष तूट फार थोडी असते. त्याहून जास्तीची मागणी ही घटीच्या नावाने घेतलेली मजुरी आहे. ती द्यायला हरकत नाही, पण तिला मजुरी म्हणूनच धरा, म्हणजे दोन सोनारांचे दर शेजारी ठेवून पाहता येतील.