‘तीन वर्षं वाळवलेलं’ लाकूड

स्वतःच्या हाताने लाकडी रंधा बनवायचा, हे बरेच दिवस मनात होतं. ५० मिलिमीटरचं पातं आधीच आणून ठेवलं होतं. अडलं होतं ते ठोकळ्यावाचून. विकणाऱ्याने शिसवीचा एक जाड ठोकळा काढला, म्हणाला, “तीन वर्षं वाळवलाय, डोळे झाकून न्या.” वर ओलावा मोजायचं मीटर लावून दाखवलं. आकडा ११ टक्के. दोन्ही टोकांना मेणाचा जाड थर होता. मी विचारलं तर म्हणाला, भेगा पडू नयेत म्हणून. ते खरंच आहे, टोकं तशीच बंद करतात. पण मेणामुळे आतला ओलावाही आतच राहतो, हे तो बोलला नाही आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

पात्याची खाच कोरायला घेतली तेव्हाच लाकूड आतून ओलं असल्याचं सांगत होतं. पटाशीखालून निघणारी कपची कट्कन तुटायच्या ऐवजी वाकत होती आणि गालाला लावली तर गार लागत होती. मी कामाच्या भरात होतो, दुर्लक्ष केलं. ही चूक माझी.

रंधा सुरेख चालला. दोन महिन्यांनी पातं काढायला गेलो तर हलेना. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत चांगलंच आटतं. लोखंड कुठे आटणार? पात्याच्या दोन्ही बाजूंना मी अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवला होता, तो केव्हाच संपला होता. पातं घट्ट धरणारी पाचर हलकेच ठोकली आणि डाव्या बाजूची भिंत उभी तडकली. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या होत्या हो!

उरलेला तुकडा वजन केला: ४१२ ग्रॅम. ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला: ३३० ग्रॅम. गेलेलं पाणी ८२ ग्रॅम, त्याला कोरड्या वजनाने भागलं की जवळपास २५ टक्के. मीटरच्या काट्यांनी फक्त वरचे काही मिलिमीटर पाहिले होते, आणि वरचा पापुद्रा तेवढा कोरडा होता. विकणारा म्हणाला, “एकदा कापलं की आमची जबाबदारी संपली.”

म्हणून सांगतो, जाड ठोकळा घेताना टोकापासून वीतभर आत कापून मागा आणि मीटर त्या ताज्या कापावर लावायला सांगा. कापू देत नसेल तर तिथून निघा. घरी आणल्यावर ठोकळ्यावरच पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा, दर रविवारी पुन्हा तोला. माझ्या नव्या ठोकळ्यावर असे अकरा आकडे झालेत. परवाच्या रविवारी तो अजून ४ ग्रॅमने उतरला, म्हणून पटाशी लावलेली नाही.