जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इंटरनेटची जोडणी बदलली तेव्हा तिच्यासोबत नवा राउटर आला आणि आधीचा, अजून धडधाकट असलेला राउटर कपाटात जाऊन पडला. नव्या राउटरचा सिग्नलही मागच्या खोलीपर्यंत जेमतेमच पोहोचत होता, कारण वाटेत दोन जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट आहे. म्हणून जुना राउटर त्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचेच इंटरनेट तिथे वाय-फायने पसरवणारे उपकरण म्हणून, बसवला. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, दोन राउटरांच्या मध्ये इथरनेट केबल टाकता येत असेल तर हा उद्योग अवश्य करावा. केबल टाकणे शक्यच नसेल तर मात्र जुन्या राउटरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

केबलविना जोडण्यासाठी बऱ्याच जुन्या राउटरांत रिपीटर मोड असतो आणि सुरुवातीला मी तोही वापरून पाहिला. एकच रेडिओ (वाय-फायचा सिग्नल पाठवणारा आणि घेणारा भाग) असलेला राउटर त्याच चॅनेलवर मुख्य राउटरकडून माहिती घेतो आणि त्याच चॅनेलवर पुढे पाठवतो, त्यामुळे मिळणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय रिपीटर जिथे सिग्नल पोहोचत नाही तिथे ठेवून उपयोग नसतो. जिथे तो अजून चांगला मिळतो अशा मधल्या जागी ठेवावा लागतो. तसे न केल्यास मोबाइलवर रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडता उघडत नाही, कारण त्या कांड्या फक्त मोबाइल आणि रिपीटर यांच्यातला सिग्नल दाखवतात, त्यामागचा दुवा किती अशक्त आहे हे त्यांवरून कळत नाही.

केबलच्या जोडणीत खरी कसोटी सेटिंगच्या क्रमाची असते. जुना राउटर आधी मुख्य राउटरपासून वेगळा ठेवून, मागच्या छिद्रात पिन दाबून रिसेट करावा आणि लॅपटॉप थेट त्याच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेला, जोडावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ सारखा, त्याच मालिकेतला पण मुख्य राउटर इतर उपकरणांना वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा पत्ता द्यावा. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड भरून झाल्यावर शेवटी डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे. ते चालू राहिले तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोन राउटर होतात आणि काही उपकरणांवर इंटरनेट चालते, काहींवर चालत नाही, असा चक्रावून टाकणारा प्रकार सुरू होतो. यानंतर मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल जुन्याच्याही लॅन पोर्टमध्येच लावावी. बाहेरून येणारे इंटरनेट घेण्यासाठी असलेला, वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट रिकामा ठेवावा. वॅनमध्ये लावली तरी बहुधा इंटरनेट चालते, पण मागची खोली वेगळे नेटवर्क बनते आणि पुढच्या खोलीतून तिथला प्रिंटर सापडेनासा होतो.

केबलच्या लांबीची चिंता करण्याचे कारण नाही. कॅट ५ई प्रकारच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि ती १ गिगाबिट वेग पेलते. अडते ते जुन्या राउटरच्या पोर्टपाशी. माझ्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असल्याने प्रत्यक्षात ९५ च्या पुढे आकडा कधी जात नाही, आणि त्याचा रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्‍झचा असल्यामुळे वाय-फायवर तो त्याहूनही बराच कमी भरतो. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग किंवा चित्रपट पाहणे यांसाठी तेवढे पुरेसे आहे. मोठ्या फाइली सतत उतरवून घेणाऱ्यांना ते पुरणार नाही.

दोन्ही राउटरांना एकच नाव, एकच पासवर्ड आणि एकच सुरक्षा प्रकार दिला आहे; चॅनेल मात्र वेगवेगळे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‍झमध्ये एकावर १ आणि दुसऱ्यावर ११. जुन्याला डब्ल्यूपीए३ हा नवा सुरक्षा प्रकार येत नाही, त्यामुळे मुख्य राउटरही डब्ल्यूपीए२ वर ठेवावा लागला. चालता चालता कोणत्या राउटरला चिकटायचे हे मोबाइल ठरवतो, राउटर नव्हे. बोलत बोलत मागच्या खोलीत जावे, अ‍ॅक्सेस पॉइंट डोक्यावर असावा, आणि मोबाइल मात्र शेवटची कांडी शिल्लक असेपर्यंत पुढच्या राउटरला धरून बसावा, हे सुरुवातीला नेहमीचे झाले होते. दोन्ही राउटरांची प्रक्षेपण शक्ती थोडी कमी केल्यावर अदलाबदल लवकर होऊ लागली. तरीही त्या क्षणी समोरच्याचा चेहरा क्षणभर गोठतोच. हे ज्यांना अजिबात चालणार नाही त्यांनी सरळ मेश संच (एकमेकांशी मिळून काम करण्यासाठीच बनवलेल्या राउटरांचा संच) घ्यावा.

जुन्या राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, उत्पादकाने अद्ययावत करणे कधीच थांबवलेले असते, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकारातील हीच सर्वांत कच्ची बाजू आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून तो मुख्य राउटरच्या आड राहतो, थेट इंटरनेटला सामोरा जात नाही, त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. २०१७ मध्ये उघडकीस आलेली डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ ही त्रुटी मुख्यतः जोडणी मागणाऱ्या उपकरणांची होती, आणि रिपीटर मोडमधला राउटर नेमका त्याच भूमिकेत असतो, हे रिपीटर टाळण्याचे आणखी एक कारण. प्रशासकाचा मूळ पासवर्ड बदलणे आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा छोट्या पिनने झटपट वाय-फाय जोडण्याची सोय) बंद करणे एवढे तरी करावेच. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकण्याचा विचार असेल, तर राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा मॉडेल क्रमांकच नव्हे, तर हार्डवेअरची आवृत्तीही पाहावी. माझ्या राउटरची फ्लॅश मेमरी ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी असल्याने नव्या आवृत्त्यांचा मार्ग बंद होता.

बाकी तक्रार फारशी नाही. क्वचित तो अडकतो आणि बंद करून चालू करावा लागतो. विजेचा खर्च नगण्य. ५ वॅट धरले तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. अडॅप्टर मात्र मूळचाच वापरावा. ९ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर दिसायला सारखे असतात आणि पिनही तीच बसते, म्हणून माझ्या अडॅप्टरवर मार्करने राउटरचे नाव लिहून ठेवले आहे.

ध्यानीमनी नसलेला लाभ झाला तो उरलेल्या लॅन पोर्टांचा. ते आपोआप नेटवर्क स्विचचे, म्हणजे एकाच केबलवर अनेक उपकरणे जोडण्याचे, काम करतात, त्यामुळे मागच्या खोलीतला डेस्कटॉप आणि प्रिंटर आता केबलवर आहेत आणि वाय-फायवरचा भार तेवढा हलका झाला आहे. पुढे हा राउटर थकला, तर त्या जागी गिगाबिट पोर्ट आणि ५ गिगाहर्ट्‍झचा रेडिओ असलेला दुसरा एखादा जुनाच राउटर लावीन; भिंतीलगतची केबल आहे तशीच चालेल.