इंग्रजीच्या शंकांसाठी काय घ्यावं: व्याकरणाचं पुस्तक की लर्नर्स डिक्शनरी?

सांगलीत विश्रामबागला, आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मी मुलांच्या इंग्रजीच्या शंका सोडवायला बसतो. सुरुवातीची तीन वर्षं हाताशी व्याकरणाचं जाड पुस्तक असायचं, आता लर्नर्स डिक्शनरी असते. म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. मिरजेच्या एका नव्या बाईंनी परवा विचारलं, दोन्हींपैकी एकच घ्यायचं झालं तर कुठलं घेऊ?

व्याकरणाच्या पुस्तकाचा मान मोठा आहे आणि तो रास्तच आहे. काळ, कंडिशनल, 'अ' आणि 'द' ही सगळी एकमेकांत गुंतलेली व्यवस्था आहे. पास्ट परफेक्ट नेमका कधी वापरायचा, हे कोश सांगणार नाही. रोज तासभर बसून क्रमानं शिकणाऱ्याला मीही पुस्तकच घ्यायला सांगेन.

पण मुलं शंका घेऊन येतात तेव्हा नियमाचं नाव घेऊन येत नाहीत. तासगावहून येणाऱ्या एका मुलीनं पत्रात लिहिलं होतं, 'आय लुक फॉरवर्ड टु मीट यू.' चूक आहे म्हटल्यावर तिनं विचारलं, "सर, टु नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं ना?" प्रश्न अगदी रास्त होता. मी पुस्तक उघडलं. जेरंडमध्ये बघू, इन्फिनिटिव्हमध्ये, की प्रिपोझिशनमध्ये? मला ही नावं ठाऊक होती, तरी तीन ठिकाणी पानं उलटावी लागली. तिला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. घरी एकटी असती तर तिनं शोधलं तरी कुठं असतं? शंकेचं नाव आधी माहीत हवं, हीच त्या पुस्तकाची अट मला खुपत राहिली.

मग डिक्शनरी तिच्याच हातात दिली. 'लुक' काढलं, खाली 'लुक फॉरवर्ड टु', आणि पुढं 'डूइंग समथिंग'. तिनं स्वतः शोधलं. हा 'टु' म्हणजे 'टु स्कूल'मधलाच, म्हणून पुढं नाम किंवा 'मीटिंग' हवं, एवढंच मला सांगावं लागलं.

हा गुण या कोशांत मुळापासून आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. शब्दाचा अर्थ देऊन न थांबता त्या क्रियापदाभोवती वाक्य कसं रचायचं, हे त्यांनी दाखवलं. आपल्याला तेच हवं असतं. 'मला समजावून सांगा'मधला 'ला' आपल्याकडून 'एक्स्प्लेन मी' म्हणवून घेतो, 'त्याबद्दल चर्चा'मधला 'बद्दल' 'डिस्कस अबाउट' लिहायला लावतो. इंग्रजी-मराठी कोशात 'समजावणे', 'चर्चा करणे' एवढंच दिसतं आणि चूक तशीच राहते. अर्थ कळणार नाही ही भीतीही फारशी खरी नाही. लाँगमननं १९७८ मध्ये कोश काढला तेव्हा व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिल्या होत्या. माझ्या अनुभवात दहावीचं मूल आठवड्याभरात सरावतं.

वाक्प्रचारांच्या बाबतीत तर मला फारसा विचार करावा लागला नाही. एका मुलानं आजोबांच्या निधनावर लिहिताना 'किक द बकेट' वापरलं होतं, कारण गाइडमध्ये त्यापुढं फक्त 'मरणे' होतं. मराठीत आजोबा 'गचकले' लिहावं, तसं ते झालं. डिक्शनरीत त्या वाक्प्रचारापुढं 'इन्फॉर्मल' अशी खूण असते. ती दाखवल्यावर त्यानं स्वतःच ते खोडून 'पास्ड अवे' केलं.

बाईंना वर्गात काळ आणि प्रयोग शिकवायचे आहेत, त्यामुळं त्यांची गरज माझ्याहून थोडी वेगळी असेल. तरी पैसे एकाच गोष्टीचे असतील तर मी डिक्शनरी घ्या म्हटलं, जुनी आवृत्तीही चालेल. फोनवर हे कोश फुकट बघता येतात, तेही उत्तम. मी मात्र कागदीच ठेवतो. 'लुक' शोधायला गेलेल्या मुलांना तिथंच 'लुक आफ्टर', 'लुक इन्टू', 'लुक डाउन ऑन' दिसतात, आणि ती त्या पानावर रेंगाळतात.