टामियाचे १/३२ स्पिटफायर मार्क ९सी: इथे रंगाच्या थरालाही माप आहे

मोठ्या स्केलचे विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचे किट हातात आले की सवयीचा माणूस आधी पुट्टी किती शिल्लक आहे ते बघतो. पंखाच्या मुळाशी फट, धडाच्या दोन अर्धुकांत पायरी, पीळ पडलेला पंख, हे सगळे धरूनच चालायचे असते. टामिया या जपानी कंपनीने २००९ मध्ये काढलेल्या, खऱ्याच्या एक बत्तिसांश आकाराच्या (१/३२) स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या किटला पुट्टी जवळजवळ लागत नाही. भाग इतके नेमके बसतात की अडचण उलट्या बाजूने येते: दोन भागांमध्ये रंगासाठीसुद्धा जागा ठेवलेली नाही. एअरब्रशचा एक कोट म्हणजे मिलिमीटरचे काही शतांश. प्रायमर, रंग, व्हार्निश, आणि तेही समोरासमोरच्या दोन्ही कडांवर, असा हिशोब केला तर मिलिमीटरचा दशांश सहज भरतो. सैल किटमध्ये तो कुठेतरी जिरून जातो. इथे तो काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणांच्या, कडेला फट होऊन दिसतो. या किटबद्दल ज्या तक्रारी होतात त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात इथेच होते.

पूर्ण झालेल्या मॉडेलचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण ३५ सेंटिमीटर भरतात. पेटीत पूर्ण मर्लिन इंजिन, त्याच्या मागची इंधनटाकी, फोटोएच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे) पत्रे, काउलिंग धरून ठेवणारी छोटी चुंबके, स्क्रू, धातूच्या सळ्या, रबरी टायर, एक बसलेला आणि एक उभा असे दोन वैमानिक आणि स्टँड मिळतो. चाके उतरवलेली किंवा मिटलेली, दोन्ही प्रकारचे भाग दिलेले आहेत आणि ते अदलाबदल करता येतात. ऐकायला हे छान वाटते. प्रत्यक्षात दर अदलाबदलीला कडांचा रंग घासला जातो आणि पकड थोडी सैल होते. काय दाखवायचे ते पहिल्या दिवशी ठरवा आणि तेच कायमचे बसवा. स्क्रू आवळताना ते प्लास्टिकमध्ये शिरत आहेत हे लक्षात असू द्या. प्रतिकार जाणवला की थांबायचे. आणखी अर्धा फेरा दिला की आटे फाटतात, आणि मग सीए ग्लूशिवाय (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूशिवाय) इलाज उरत नाही.

फोटोएच कापायला मऊ कटिंग मॅट वापरू नका. पात्याच्या दाबाने पत्रा खाली दबून वाकतो. जाड काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या, भागावर बोट ठेवून तो जोडणीपासून वेगळा करा आणि उरलेला काटा बारीक कानशीने काढा. बोट न ठेवता कापलेला छोटा भाग उडून गेला तर सहसा सापडत नाही.

कॉकपिट हा या किटमधला सगळ्यात सुखाचा भाग आहे. बाजूच्या भिंती, चौकटी, आसन आणि मागचे चिलखत वेगवेगळे रंगवून मग एकत्र आणता येते. आतला रंग ब्रिटिश हवाई दलाचा करडा-हिरवा. आसन मात्र त्या रंगाचे करू नका. स्पिटफायरची बरीच आसने धातूची नसून रेझिनमध्ये दाबलेल्या साहित्याची असत आणि त्यांचा तांबूस तपकिरी रंग तसाच ठेवलेला असे. साहजिकच त्यावर चंदेरी ओरखडेही नकोत. पट्टे फोटोएचमध्ये आहेत. ते ब्रशच्या गोल दांड्यावर वाकवून आसनाच्या कडेवरून खाली सोडले तर कापडासारखे पडतात, सरळ चिकटवले तर पत्रा तो पत्राच दिसतो. उपकरणांच्या तबकड्या डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील फिल्मच्या) आहेत आणि त्या पारदर्शक भागाच्या मागून लावायच्या आहेत. डेकलखाली पाण्याचा थेंब राहिला तर समोरून चंदेरी डाग दिसतो, म्हणून ओल्या ब्रशने पाणी कडेला ढकला आणि पूर्ण वाळल्यावरच मागचा भाग बंद करा. इथे सीए ग्लू टाळा. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर धुरकट पांढरा थर सोडते. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद पुरतो.

धड बंद करण्याआधी एक काम न चुकता करायचे: जिथे प्लास्टिक प्लास्टिकला भिडते तिथला रंग खरवडून काढायचा. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोड करते. मध्ये रंगाचा पडदा असला की ते रंगच विरघळवते आणि जोड कच्चा राहतो. शिवाय कॉकपिटच्या भिंतींच्या बाहेरच्या बाजूला उगाच मारलेला रंग धडाला आतून रेटतो, धड किंचित रुंद होते आणि मग पंखाच्या मुळाशी फट येते. लोक तिथे पुट्टी भरून मोकळे होतात. दोष मात्र दोन टप्पे आधीचा असतो. धड, पंख आणि कॉकपिट आधी गोंद न लावता टेपने बांधून बघा. फट दिसली तर कॉकपिट बाहेर काढा आणि भिंतींच्या पाठीवर सँडिंग स्टिक फिरवा. वाळायला एक पूर्ण दिवस द्या. त्याआधी जोड घासला तर मऊ प्लास्टिक नंतर आकसते आणि घासलेल्या जागी बारीक चर उमटतो.

आता इंजिन. मार्क ९ हे खरे तर तात्पुरती सोय म्हणून जन्माला आले. जर्मन फॉक-वुल्फ १९० समोर आधीचे मार्क ५ मागे पडू लागल्यावर त्याच्याच सांगाड्यात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचे (इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या यंत्राचे) मर्लिन बसवले गेले, आणि १९४२ च्या मध्यावर ते ब्रिटिश हवाई दलाच्या ६४ स्क्वाड्रनकडे पोहोचले. ते लांब नाक आणि त्यातली दाटी या किटने चोख पकडली आहे. पण खऱ्या विमानासारखीच इथेही काउलिंगची झाकणे इंजिनाच्या चौकटीवर टेकतात. इंजिन दाखवायचे नसले तरी ते बांधावे लागते, आणि सरळ बांधावे लागते. इंजिन पेलणारे चौकटीचे हात फायरवॉलपाशी (इंजिनामागच्या आडभिंतीपाशी) जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने तिरके बसले तर स्पिनरपाशी (प्रोपेलरच्या टोपीपाशी) तो तिरकेपणा कितीतरी वाढलेला असतो. मग बाजूचे झाकण मागून मिटते आणि पुढून उघडे राहते. म्हणून हात, फायरवॉल आणि पुढची कडी यांना एकाच बैठकीत सिमेंट लावा आणि ते ओले असतानाच चारही झाकणे, रंग न लावलेली, टेपने जागेवर बसवून ठेवा. झाकणेच साचा होतात. सकाळी टेप काढली की चौकट बरोबर कोनात घट्ट झालेली मिळते. मात्र सिमेंट मोजकेच लावा, नाहीतर झाकणही तिथेच चिकटून बसेल.

झाकणे धरणारी चुंबके बसवताना कुठली बाजू वर हे आधी तपासून तिथे मार्करने ठिपका द्या. उलटे चिकटलेले चुंबक काढताना खोबण हमखास तुटते. गोंद सीएपेक्षा इपॉक्सी बरा, कारण जागा सुधारायला पाच मिनिटे मिळतात. चुंबक पृष्ठभागाच्या वर तसूभरही राहता कामा नये. झाकणांच्या आतल्या बाजूला रंगाचा एकच पातळ कोट द्या आणि कडांना बिलकुल नको. बाहेरचा रंग झाल्यावर कडा एकदा दोन हजार ग्रिटच्या बारीक पॉलिश कागदाने पुसून घ्या. इतके केले की झाकणे मिटतात आणि उघडता येतात. तरी रोज उघडमिट करण्यासारखी ती नाहीत. बोटाने उचकटताना कडेचा रंग उडतोच. झाकण काढायला ब्लू-टॅकसारखा मऊ चिकट गोळा दाबून उचलणे सुरक्षित.

इथे एक निवड करावीच लागते. मर्लिन बारा सिलिंडरचे, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे इग्निशनच्या चोवीस तारा. किटचे इंजिन उत्तम असले तरी तांब्याच्या किंवा शिशाच्या ०.२ ते ०.३ मिलिमीटर तारा जोडल्या की त्यात जीव येतो. मात्र तारा जोडल्या की बाजूची झाकणे मिटतील याची खात्री उरत नाही. माझे मत स्पष्ट आहे: एका बाजूचे आणि वरचे झाकण कायमचे काढून ठेवा, त्या बाजूला हव्या तितक्या तारा जोडा आणि दुसरी बाजू पातळ सिमेंटने कायमची बंद करा. एका बाजूने इंजिन, दुसऱ्या बाजूने नाकाची अखंड रेषा. चुंबकांची करामत मग निम्मी वाया जाते, जाऊ द्या.

सुकाणू, एलेव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखांचे हलते भाग) आणि एलेरॉन (मुख्य पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) हलते ठेवता येतात. त्यांच्या बिजागऱ्या धातूच्या आहेत. सीए ग्लू थेट नळीतून टाकला तर तो बिजागरीत ओढला जातो आणि सगळे जाम होते. थेंब काचेवर घ्या, तारेच्या टोकाने टिपून लावा आणि सुकेपर्यंत भाग हलवत राहा. जमिनीवर उभ्या विमानात एलेव्हेटर थोडे खाली झुकलेले शोभतात. दोन्ही एलेरॉन एकाच वेळी खाली ठेवू नका. एक खाली गेला की दुसरा वर जातो.

रंगाचा क्रम असा ठेवा: पंखाच्या अग्रकडेवरचा पिवळा आधी, तोही पांढऱ्या थरावर, कारण राखाडी प्रायमरवर पिवळा मळकट होतो. मग शेपटीजवळचा स्काय रंगाचा पट्टा. तो खऱ्या विमानावर १८ इंच रुंद, म्हणजे इथे १४.३ मिलिमीटर. दोन्ही झाकून खालचा मीडियम सी ग्रे, वर ओशन ग्रे आणि शेवटी गडद हिरवा. टामियाच्या ॲक्रिलिकमध्ये शेवटचे तीन अनुक्रमे एक्सएफ-८३, एक्सएफ-८२ आणि एक्सएफ-८१. लॅकर थिनरमध्ये निम्म्याला निम्मे पातळ करून एक बार दाबाच्या आसपास मारले तर थर पातळ आणि गुळगुळीत बसतो. वर म्हटलेला सगळा हिशोब याच थरावर अवलंबून आहे. हिरव्या-करड्याच्या सीमेवर किती धूसरपणा ठेवायचा याला प्रमाण आहे: खऱ्या विमानावरचा एक इंच इथे ०.८ मिलिमीटर होतो. हाताने मोकळा फवारा मारून येणारी चार-पाच मिलिमीटरची मऊ कड या प्रमाणात खोटी दिसते. ब्लू-टॅकच्या वळ्या किंवा पृष्ठभागापासून किंचित उचललेला कागदी मास्क वापरा.

झीज दाखवताना हात आवरा. सुकाणू कापडाने मढवलेले असे आणि रोटोल कंपनीच्या प्रोपेलरची पाती दाबलेल्या लाकडाची. या दोन्ही ठिकाणी चंदेरी ओरखडे म्हणजे सरळ चूक, आणि ती चांगल्या चांगल्या मॉडेलांवर दिसते. पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक आणि यंत्रज्ञ पाय ठेवत, आणि काउलिंगच्या स्क्रूंभोवती धातू दिसला तर तो पटतो. पात्यांच्या पिवळ्या टोकांची रुंदी ३.२ मिलिमीटर ठेवा.

डेकल हा या किटचा दुबळा भाग. छपाई सुबक आणि रंग एकावर एक नेमके आहेत, पण फिल्म जाड आहे. ब्रिटिश वैमानिक जॉनी जॉन्सनच्या १९४३ मधल्या ईएन३९८ क्रमांकाच्या विमानावरची जेई-जे ही मोठी ओळख-अक्षरे पॅनल लाइनवर ताणलेल्या कातड्यासारखी बसतात. चकचकीत क्लिअर कोट, कोमट पाणी, डेकल मऊ करणाऱ्या तीव्र सॉफ्टनरचे दोन-तीन हात आणि रेषांवर नव्या पात्याने हलकी चीर, इतके केल्यावर ती बऱ्यापैकी खाली बसतात. त्याहून बरा उपाय म्हणजे मोठी चिन्हे मास्क कापून रंगवणे. धडावरचे ३६ इंची गोल चिन्ह इथे २८.६ मिलिमीटर व्यासाचे होते. कंपासला पाते लावले की ते कापता येते. बारीक सूचनाअक्षरे किटचीच वापरा, ती लहान असल्यामुळे जाडी खुपत नाही.

कॅनॉपीचे, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेचे, मास्क दिलेले आहेत, पण आधीच कापलेले नाहीत. कागदावर छापलेल्या रेषेवरून स्वतः कापायचे. पाते नवे घ्या, पट्टी धातूची, आणि रेषेच्या आतल्या कडेने कापा. रेषेची जाडी धरली तर मास्क चौकटीवर चढतो. मास्क लावल्यावर आधी आतला करडा-हिरवा मारा, मग बाहेरचा रंग. म्हणजे काचेतून बघताना चौकटीची आतली बाजू बरोबर रंगाची दिसते.

डाव्या पंखाखालची पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी), तोफांच्या नळ्या आणि पाठीवरचा अँटेनाचा खांब सगळ्यात शेवटी बसवा. खांबापासून शेपटीपर्यंत तार ओढायचा मोह होईल. १९४३ च्या मार्क ९ वर ती नसे, रेडिओचा अँटेना म्हणजे तो खांबच. मशीनगनच्या चार तोंडांवर लाल डोप (कापड ताणणारे रोगण) लावलेल्या कापडाच्या चौकोनी चकत्या असत. त्यासाठी लाल रंगवलेल्या डेकल फिल्मचे तुकडे पुरेत. व्हार्निशचा शेवटचा थर मॅट असला तरी अगदी खडूसारखा कोरडा नको, आणि काउलिंगच्या कडांवर तो पोहोचू देऊ नका.