फायबर नेटचं परीक्षण: लाल दिवा लागल्यानंतरची सेवा

100 एमबीपीएसचा फायबर प्लॅन, महिना सातशे-आठशे रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. ठाणे, पुणे, नाशिकच्या सोसायट्यांत हे कनेक्शन आता घरोघरी दिसतं. वेगाबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही, चालू असतं तेव्हा चांगलंच चालतं. कंपन्यांमधला फरक कळतो तो नेट गेल्यावर, म्हणून हे परीक्षण फक्त त्या वेळेपुरतं. कुठल्या एका कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण सोसायटीच्या गेटपासून घरापर्यंतची वायर बहुतेक ठिकाणी स्थानिक केबलवालाच सांभाळतो.

नेट गेलं की ऑफिसचं व्हीपीएन, मुलांचा क्लास, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा एकदम बंद. हॉटस्पॉटवर भागवायचं म्हटलं तर व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये दुपारही निघत नाही. खरी अडचण मात्र वेगळीच असते. घरात मोबाईलची रेंज कमी असेल तर कॉल वाय-फाय कॉलिंगवर चालत असतात. नेट गेलं की फोनही जातो, बँकेचा ओटीपीही येत नाही. आणि तक्रारीचं ॲप उघडायला आधी ओटीपीच मागतं! ॲपमध्ये लॉगिन कायम ठेवा आणि ग्राहक क्रमांक कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा.

फोन करण्याआधी राउटरच्या डब्यावरचे दिवे पाहावेत. फायबरमधून सिग्नल प्रकाशाच्या रूपात येतो, तो येतोय का ते हे दिवे सांगतात. 'पॉन' (कंपनीशी जोडणीचा दिवा) हिरवा आणि स्थिर, 'एलओएस' (सिग्नल तुटल्याचा दिवा) बंद, तरी नेट नाही, म्हणजे प्रकाश घरापर्यंत येतोय; प्लॅन संपला असेल, लॉगिन अडकलं असेल किंवा बिघाड पुढे कंपनीकडे असेल. अशा वेळी डबा दोन मिनिटं बंद करून चालू करण्यात अर्थ आहे. 'एलओएस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये, कितीही रिस्टार्ट करा, काही होणार नाही. फक्त हिरव्या टोकाची पिवळी वायर नीट बसली आहे का आणि कपाटामागे चेपली किंवा दुमडली नाही ना, एवढं बघा. ती उपसून टोक पुसू नका. बोटाचा तेलकटपणासुद्धा सिग्नल पाडतो. टोकात डोकावू तर नकाच, लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मागचं बारीक 'रिसेट'चं भोकही दाबू नका. लॉगिन आणि व्हीलॅनची, म्हणजे कंपनीच्या जाळ्याशी जोडणारी, सेटिंग पुसली गेली तर प्रकाश परत आल्यावरही नेट चालू होत नाही आणि कंपनीच्या माणसाला आणखी एकदा यावं लागतं.

कॉल सेंटरला इथे कमी गुण. समोरच्यांचा दोष नाही, त्यांच्या पडद्यावर जे लिहिलंय तेच ते बोलतात. पण लाल दिवा सांगूनही "सर, एकदा रिस्टार्ट करा" यातच दहा मिनिटं जातात. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: "एलओएस लाल आहे, शेजारची दोन घरंही बंद आहेत." एकच घर बंद असेल तर तुमची वायर, अख्खा जिना बंद असेल तर स्प्लिटर (एका केबलचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा डबा) किंवा मुख्य केबल; दोन्हींना वेगळी माणसं लागतात. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. काम न होताच "तक्रार सोडवली" असा एसएमएस येणं हा या सेवेतला सर्वांत चीड आणणारा प्रकार. त्याला उत्तर म्हणजे लाल दिव्याचा वेळेसकट फोटो, आणि त्याच दिवशी तक्रार पुन्हा उघडायला लावणं.

लाइनमनला मात्र पूर्ण गुण. पावसात गच्चीवर चढून केसाएवढी काच जोडणारी ही माणसं आहेत. पावसाळ्यात बहुतेक वेळा जोडाच्या डब्यात पाणी जातं, फांदी केबलवर पडते किंवा रस्ता खोदताना जेसीबी लागतो. उरलेलं उंदीर बघतात. काम झाल्यावर त्यांच्या मीटरवरचा आकडा विचारा, घरापर्यंत किती प्रकाश पोचतोय ते तो डीबीएममध्ये सांगतो. उणे 15 ते उणे 24 डीबीएम उत्तम. उणे 27 च्या आसपास असेल तर आज नेट चालेल, पण सिग्नल आणखी थोडा जरी पडला तरी बंद पडेल. त्याच वेळी वायर पुन्हा जोडायला सांगा. यंत्राने वितळवून केलेला जोड टिकतो, हाताने बसवलेला फास्ट कनेक्टर उन्हापावसात सैल पडू शकतो. आणि दोन-तीन मीटर वायर गुंडाळून शिल्लक ठेवायला सांगा, पुढच्या वेळी नवी ओढावी लागणार नाही.

पैशांच्या बाबतीत कंपन्या स्वतःहून तोंड उघडतील असं धरून चालू नका. ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) सेवादर्जाचे नवे नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. बिघाड तीन दिवसांनंतर दुरुस्त झाला तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ त्यात आहे. नैसर्गिक आपत्ती वगळून. इथे तक्रार क्रमांकाची तारीख कामाला येते. कंपनीने ऐकलं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, त्याला शुल्क नाही. त्यानंतर दूरसंचार विभागाचा 1063 किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, तिथे मेल करण्यात वेळ घालवू नका.

वीज गेल्यावर नेट जाऊ नये म्हणून 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. डब्याच्या ॲडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून आणि पिन जुळवून. घरून काम असेल तर दुसरं कनेक्शन घेताना त्याची केबल त्याच खांबावरून येते का ते आधी पाहा. तसं असेल तर फांदी पडल्यावर दोन्ही एकदमच जातील, त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला डोंगल बरा. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण पहिला पावसाळा महिन्याच्याच प्लॅनवर काढा.